मोहाच्या दिवसातले अल्बम

डिसेंबर लागला की आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये हाणामारी सुरू होते. नागपूर, अमरावती, कोल्हापूर अशा ठिकाणची दहाबारा टाळकी त्यात आहेत, सगळी रॉक आणि मेटलवर जीव टाकणारी, आणि बाई मी एकटीच. वर्षभरात आलेल्या अल्बमांमधून प्रत्येकाने आपले आवडते निवडायचे, त्यांना वरखाली क्रम लावायचा आणि मग त्या क्रमावरून महिनाभर एकमेकांची अक्कल काढायची, असा आमचा रिवाज. गेल्या डिसेंबरात मी काहीच पाठवलं नाही. "मॅडम, पेपर तपासून राह्यल्या काय?" असं एकाने विचारलं. मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यावरून ही थट्टा. 

दोन आठवड्यांपूर्वी स्टँडवरून शेअरच्या जीपमध्ये बसले, तर शेजारच्या बाईच्या थैलीतून मोहाचा वास आला. गोड, उबट, नाकात बसून राहणारा. ज्यांना हा वास माहीत नाही त्यांना तो सांगता येत नाही आणि माहीत आहे त्यांना सांगावा लागत नाही. मोह पडायला लागला होता तर. आणि त्या गर्दीत, कोणाचं तरी कोपर बरगडीत घेऊन बसलेली असताना, मला गेल्या वर्षीचे अल्बम एकेक करून आठवायला लागले. नुसते नाही, तर कुठला कुठे ऐकला, तेव्हा हाताला कसला वास होता, आणि बाबा काय करत होते, यासकट. नको नको म्हणताना आठवले.

आमच्याकडे वर्ष मोहावर सुरू होतं, निदान माझं तरी. फागुन सरत आला की पहाटे फुलं गळतात, जाड, पिवळट, रसाने भरलेली. गावातल्या प्रत्येक घराचं जंगलात एखाददुसरं झाड ठरलेलं असतं. त्याच्यावर कोणाचं नाव नसतं, पण दुसरं कोणी तिथे टोपली टेकवत नाही. आमचं झाड सिंदेवाहीच्या बाजूला नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. लहानपणी मी तिथे मायबरोबर जायची. नंतर शिकायला नागपूर, नोकरीला ब्रह्मपुरी, आणि मोह वेचणं मागे पडलं. माय आणि बाबा जात राहिले. गेल्या वर्षीच्या मोहाआधीच्या पावसाळ्यात माय गेली. चार दिवसांचा ताप आणि माणूस संपलं. मोह आला तेव्हा बाबा एकटे जातील या विचाराने मला झोप लागेना, म्हणून मी खोलीला कुलूप लावून महिनाभर गावी राहायला आले. सकाळी मोह, मग आंघोळ, मग जीप आणि कॉलेज.

जंगलात एकट्याने जायचं नाही, हा नियम आता लहान पोरांनाही पाठ आहे. वाघ आहे, अस्वल आहे, आणि मोह वेचणारं माणूस सतत वाकलेलं असतं. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, असं म्हणतात. म्हणून सगळे मिळून निघायचे, उजाडल्यावरच आत शिरायचं, आणि वेचताना एकमेकांना हाका देत राहायचं. आमच्या टोळीची म्होरकी सुशीलामावशी, आमच्या समोरच्या घरातली, मायची जिवाभावाची मैत्रीण. उंच, रापलेली, आवाज असा की नाल्यापलीकडचं माकड दचकावं. पहिल्याच दिवशी तिने माझ्या कानातल्या वायरी ओढून काढल्या आणि आपल्या कमरेच्या पिशवीत कोंबल्या.

"इथी कान उघडे पाह्यजे, पोरी. कान बंद करून जंगलात येणाऱ्याले मी नेत नाई. कोनी का असंना."

"पण मावशी, वाटेत तं ऐकू दे."

"वाटेतच तं असते जनावर. आनि ते आयकते काय तू? कोनाले कापून राह्यले त्याच्यात?"

कापत वगैरे कोणी नव्हतं. तो फिनलंडकडच्या चौघांचा अल्बम होता, अतिशय संथ. ढोलावर एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवता येईल, इतका. गाणारा खालच्या पट्टीत, छातीतून, कोणाला तरी पुरून आल्यासारखा गातो. मला त्या दिवसांत दुसरं काही सोसवत नव्हतं. लोक म्हणतात असल्या संगीताने मन आणखी खचतं. माझं तसं नाही. माझ्या दुःखाच्या चालीने चालणारं कोणीतरी सोबतीला आहे, एवढंच मला पुरायचं. घरापासून गावाच्या वेशीपर्यंत मी तो ऐकायची आणि तिथे मावशी हात पुढे करायची. मी निमूट वायरी तिच्या हातावर ठेवायची.

झाडाखालचा पालापाचोळा खराट्याने ओढून जमीन मोकळी केलेली असायची. मग खाली बसून, सरकत सरकत, मुठीने फुलं टोपलीत. थोड्या थोड्या वेळाने मावशी तिच्या झाडाखालून सगळ्यांना ओळीने हाक द्यायची. "ताराऽ" म्हटलं की तिकडून टोळीतल्या तारावहिनीचं "होऽ". मग माझं नाव. मग शेवटी "भाऊऽ" म्हणजे आमचे बाबा, आणि बाबांचं "हो". त्यांचा हो लांबवलेला नसायचा, आखूड आणि जाडा. सगळ्यांचे हो आले की मावशी पुन्हा कामाला लागायची. एखादा आला नाही तर सगळे उठून त्याच्या झाडाकडे धावणार, असा करार होता. हा करार कोणी कधी बोलून केला नव्हता.

मला ते इतकं आवडलं की एका सकाळी मी फोन खिशात सुरू ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. हाका, हो, फुलं टोपलीत पडल्याचा ओलसर आवाज, मध्येच हरद्या पक्ष्याची शीळ. ग्रुपवर टाकलं तर कोल्हापूरचा एक जण म्हणाला, हा अल्बम निघाला तर मी पहिला नंबर देतो. त्याच रेकॉर्डिंगमध्ये एक गंमत आहे. मावशीला ठसका लागला. तारावहिनी झाली, मी झाले, आणि भाऊ म्हणायच्या आधी मावशी खोकत बसली. तेवढ्यात बाबांचा हो आला. हाक नसताना. सगळ्या बाया खो खो हसल्या. "भाऊले मनातलं आयकू येते आता," मावशी ठसक्यातून म्हणाली. मीही हसले. बाबा मान खाली घालून वेचत होते.

बाबांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे माहीत होतं असं वाटत होतं. ते जन्मभर ब्रह्मपुरीच्या एका राइस मिलमध्ये होते. मिलमधली सगळीच माणसं मोठ्याने बोलतात आणि दोनदा विचारतात, त्यात विशेष काय. मी शाळेत असताना सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायची. आत शिरलं की आधी पायाच्या तळव्यांना आवाज यायचा, मग कानांना. पट्टा फटफटतोय, धान वर नेणारे डबे खडखडताहेत, आणि सगळ्यांच्या खाली एक घुमणारा सूर, जो थांबल्यावरच कळायचा. नागपूरच्या होस्टेलवर खोलीतल्या मुलीने पहिल्यांदा मेटल ऐकवलं तेव्हा बाकीच्यांनी कानांवर उशा घेतल्या. मी मात्र उठून बसले. हा तर ओळखीचा आवाज होता. मला बाबांचा डबा आठवला, वांग्याची भाजी आठवली.

त्या मोहाच्या दिवसांत मी घरी एक ठोकळ्यासारखा स्पीकर आणला होता. ब्राझीलच्या पोरांचा एक अल्बम तेव्हा नुकताच आला होता, अर्ध्या तासाचासुद्धा नाही, सुरू झाला की श्वास घेऊ देत नाही. ढोलवाला दोन्ही पायांनी असा सुटतो की भांडी थरथरतात. रविवारी फुलं वाळत घालताना मी तो लावला. बाबा आले, स्पीकरवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मायनंतर पहिल्यांदा काहीतरी उजळलं.

"हे तं आपली मिल आहे," ते म्हणाले. "पट्टा सैल आहे थोडा."

मग रोज संध्याकाळी ते स्पीकरवर हात ठेवून बसायला लागले. मेटल ऐकणारा सत्तरीचा बाप कोणाला असतो! मी ग्रुपवर फुशारकी मारली. संथ अल्बम त्यांना आवडला नाही. "हा मानूस झोपून गेला," म्हणाले. ब्राझीलवाले लावले की मान डोलायची. आपल्याला एवढं साधं कसं कळलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. ते कानाने ऐकतच नव्हते, हाताने ऐकत होते.

मग ती सकाळ. फुलं भरपूर पडली होती. मी तारावहिनीबरोबर नाल्याकडच्या झाडाखाली होते. आमचं झाड वर, आणि त्याच्या शेजारी मावशीचं. मावशीची "भाऊऽ" अशी हाक आली आणि मागोमाग बाबांचा हो आला. हाक जरा उंच होती, पण मावशीचा आवाज उंचच. तारावहिनीने मानसुद्धा वर केली नाही. मीही नाही. हाकेला हो आला होता, मग काय बघायचं? आणि नंतर जी किंकाळी आली ती मी लिहिणार नाही.

अस्वल होतं. अस्वलालाही मोह लागतो, तेही पहाटे तेच वेचायला येतं. आम्ही डबे बडवत, ओरडत वर धावलो तेव्हा ते बांबूच्या रांजीत, दाट बेटात शिरत होतं आणि मावशी खाली पडली होती. बाबा सगळ्यांत जवळ होते. कुऱ्हाड त्यांच्याजवळ होती, टोळीत त्यांच्याकडेच असायची. आणि ते सगळ्यांच्या नंतर आले. आम्हाला धावताना बघून उठले, मग धावले. तेही वाकडेतिकडे, काय झालं ते न कळल्यासारखे.

मावशीला सिंदेवाहीला नेलं, तिथून चंद्रपूरला. ती वाचली. खांद्यापासून कोपरापर्यंत टाके पडले आणि डाव्या हाताची बोटं कायमची उघडी राहिली, मूठ वळत नाही. मी भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात उजव्या हाताने धरला आणि शांतपणे सांगितलं.

"मले ते लांबूनच दिसलं होतं, पोरी. मी तुमच्याकडे सरकली असती. पन पळालं तं अस्वल मागं लागते. भाऊजवळ कुऱ्हाड होती. म्हून मी भाऊले हाक देली. भाऊ हो म्हनला. मंग मी उभीच राह्यली."

माझा हात सोडून तिने पांघरूण वर ओढलं.

"भेला असन भाऊ. भेतेच मानूस. पन हो म्हनाले नोको होतं."

तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

गावात ही गोष्ट तिच्या आधी पोचली होती. आमच्या गावात कोणी तोंडावर वाईट बोलत नाही. पानठेल्यावर बाबा गेले की बोलणं थांबायचं, एवढंच. ते बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं, पण थांबलेलं बोलणं दिसतंच की. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा मान बरीच वर्षं बाबांचा होता. त्या वर्षी कोणी काही न म्हणता झेंडा दुसऱ्याच्या हातात दिला. बाबा पांढरा सदरा घालून, इस्त्री करून आले होते. त्यांनी बघितलं आणि गाडीवरच्या मोठ्या डीजेच्या बाजूने चालायला लागले, अगदी पेटीला खेटून. लोकांना वाटलं, तोंड लपवताहेत. मी त्यांच्या मागे होते. त्यांचा एक हात त्या थरथरणाऱ्या पेटीवर होता.

मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं. गावावर, अस्वलावर, बाबांवरसुद्धा. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की बाबा भ्याले. हातात कुऱ्हाड असताना, हो म्हणून, बसून राहिले. मायच्या मैत्रिणीला. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते, आणि ते विचारत नव्हते.

पोलंडच्या एका बँडचा अल्बम त्याच आठवड्यात आला. ज्यांना ताल मोजायचा नाद आहे त्यांच्यासाठीच केलेला. ढोलवाला एका मोजणीने जातो आणि गिटारवाला दुसऱ्याच. दोघांचं एकमेकांकडे लक्ष आहे असं आपल्याला वाटतं, कारण दर काही वेळाने दोघांचा ठोका एकत्र पडतो. पण नीट ऐकलं की कळतं, दोघेही आपापलं मोजताहेत. एकत्र पडणं हा हिशेबाचा भाग आहे. ब्रह्मपुरीच्या वाटेवर, जीपमध्ये, मी तोच भाग पुन्हा पुन्हा ऐकत होते, बोटांनी मांडीवर दोन्ही मोजण्या धरायचा प्रयत्न करत. अल्बम संपला आणि फोनमध्ये त्याच्या पुढचं जे होतं ते आपोआप सुरू झालं. मोहाखालचं रेकॉर्डिंग. बोटं अजून मोजतच होती.

ताराऽ, हो. माझं नाव, हो. भाऊऽ, हो. फुलं पडताहेत. पुन्हा ताराऽ. माझी बोटं बाबांच्या होवर पडत होती, दर वेळी अचूक. मावशीची हाक कधी लवकर, कधी उशिरा. कधी मध्ये एखादं बोलणं. बाबांचा हो त्या कशानेही हलत नव्हता. मावशी आणि बाबा इतकी वर्षं शेजारी बसून एकाच वेगाने वेचत आले होते, म्हणून तो बहुतेक वेळा हाकेच्या मागोमाग पडायचा. एकदा मावशी खोकली, तेव्हा उघडा पडला होता. आम्ही हसलो होतो.

मी जीप थांबवून मधेच उतरले. धानाची रिकामी शेतं होती दोन्ही बाजूंना. तिथे उभी राहून मी रडले. बाप बहिरा आहे म्हणून नव्हे. बाप भित्रा नाही याचा मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली, म्हणून.

संध्याकाळी मी बाबांच्या समोर, अगदी तोंडासमोर बसले.

"बाबा, तुले आयकूच येत नाई ना?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी नजर खाली केली.

"पाच मुठी झाल्या का हो म्हनाचं," ते म्हणाले. "तुह्या मायनं शिकवलं. सुशीलाबाईचा हात आनि माहा हात एकाच चालीचा आहे, म्हने. पाच मुठी झाल्या का तिची हाक येतेच. चुकलं तं माय खडा मारे पाठीवर. अलग टोपली घेऊन जवळच बसे ती."

त्या सकाळी माय खडे मारायला नव्हती. मला आठवलं, नोकरीला लागल्यावर एका सुट्टीत त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मी विचारलं होतं, बाबांना खडे काऊन मारते? आणि माय नुसती हसली होती. कान बंद असलेल्याला मावशी टोळीत घेत नाही, हे मायला माहीत होतं. मिल सुटल्यावर घरात बसून राहिलेला बाप कसा दिसतो, हेही तिला माहीत असणार.

"मी सांगते मावशीले," मी उठले. "आताच सांगते. भेला नाई म्हनून."

बाबांनी माझं मनगट धरलं. पकड मिलमधली होती.

"भेकड म्हनू दे. भेकड म्हनून राह्यले तं म्हनू दे. मानूस एक दिवस भेते. बहिरा म्हनशीन तं मी दरसाल खोटा हो म्हनत आलो, असं होईन. अन् तुही मायबी त्याच्यात येईन. तिच्या सख्या मैतरनीले तिनं फसवलं, असं होईन. मेल्यावर तिले कायले आनतं त्याच्यात?"

 मी वर्गात पोरांना रोज सांगते की दोन्ही बाजू सारख्या झाल्या पाहिजेत, नाहीतर समीकरण चूक. इथे मावशीचा हात एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काय ठेवणार? बाबांना मी शब्द दिला. 

पावसाळा आला, धानाची रोवणी झाली, आणि महिनाभरासाठी आलेली मी गावीच राहिले. चंद्रपूरहून कानाचं मशीन आणलं. बाबांनी दोन दिवस घरातल्या घरात लावलं आणि काढून डब्यात ठेवलं. म्हणाले, त्याच्यात सगळं खरखरते, मानूस कोनता अन् भांडं कोनतं समजत नाई. मावशीच्या घरावरून जाताना मी मान खाली घालायला शिकले. ती कधी ओट्यावर असायची, एका हाताने तांदूळ निवडत. "कशी आहे पोरी?" एवढंच विचारायची. बाबांचं नाव काढत नव्हती आणि बाबा तिच्या बाजूचं दार लावून ठेवत होते. दिवाळीच्या सुमारास शिलाँगकडच्या एका बँडचा अल्बम आला. गाणारी मुलगी आहे, आणि शेवटच्या गाण्यात तिचा आवाज फाटतो तो तिने तसाच ठेवलाय, दुरुस्त केला नाही. मी तो धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत ऐकला. त्या फाटलेल्या जागेपाशी आलं की मला दर वेळी वाटायचं, आत्ता उठावं आणि समोरच्या घरी जावं. गाणं संपायचं, मी उठायची नाही. आणि डिसेंबरात ग्रुपवाल्यांना काय सांगणार होते मी? की वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा मी जे ऐकलं त्यात बाया मोह वेचताहेत आणि माझा बाप हो म्हणतोय?

यंदा बाबांनी आपणहून सांगितलं, मी येत नाई. टोळी आता तारावहिनी नेते. मी आमच्या झाडाखाली एकटी बसते, तिच्या हाकेला हो देते, आणि टोपली घेऊन घरी येते. मग अंगणात बाबा कामाला बसतात. वाळलेल्या फुलांतला कचरा आणि केसर काढायचे, आणि साफ फुलं मुठीने टोपलीत टाकायची.

आज रविवार. जीप नाही, घाई नाही. ऊन अंगणात आलेलं होतं आणि मी ओल्या फुलांचा थर पसरत होते. वाऱ्यासाठी दार उघडं होतं, समोरचंही. मावशी तिच्या ओट्यावर बसली होती, डावा हात मांडीवर उताणा ठेवून.

"हो," बाबा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना काही हवंय. बघितलं तर मान खाली, हात चालू. मुठी टोपलीत पडत होत्या. थोड्या वेळाने पुन्हा, आखूड आणि जाडा, "हो." आपण बोलतोय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नाही. हात ती चाल विसरले नव्हते आणि हाताबरोबर तोंड चालत होतं.

मी समोर बघितलं. मावशीने मान वर केली होती. तिने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं, कोण हाक देतंय ते. कोणीच नव्हतं. बाबांचा आणखी एक हो आला. तिच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मला इथून दिसला. ती उठली, गल्ली ओलांडून आमच्या दारापर्यंत आली, आणि बाबांच्या पाठीमागे थांबून मोठ्याने, ज्या आवाजाने माकडं दचकतात त्या आवाजाने, ओरडली.

"भाऊऽ!"

बाबांनी एक केसर चिमटीत धरून बाजूला टाकलं.

मी उभी राहिले. मला बोलायचं नव्हतं, शब्द दिलेला होता. मावशी माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. ते रागाने की कशाने, मला अजूनही सांगता येणार नाही.

"काऊन नाई सांगतलं?"

मी हातातली फुलं थरावर सोडली.

"अन् तुह्या मायले माहीत होतं."

हे तिने विचारलं नाही, सांगितलं. मग ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली.  बाबांना मागे कोणी आहे याचा पत्ता नव्हता. ती त्यांच्या हातांकडे बघत होती. एक मूठ, दुसरी मूठ. हो आला की तिच्या खांद्याला जरासा झटका बसायचा. मला वाटलं आता ती उठून जाईल, सगळ्या गावाला सांगेल, आणि तो तिचा हक्कच होता. तिचा उघडा पंजा फुलांच्या थरावर पडला होता आणि बोटांना पिवळा रस लागला होता.

"किती मुठीवर म्हनते तो?"

"पाच."

तिने नाक पुसलं, सरळ बसली, आणि ओठ हलवत मोजायला लागली. बाबांची तिसरी मूठ पडली. चौथी. पाचवी हवेत असताना तिने हाक दिली, हळू, फक्त अंगणापुरती.

"भाऊऽ."

"हो," बाबा म्हणाले.